समज देऊन सोडले

परभणीत, नियोजन भवनाच्या वरच्या मजल्यावर
दोन दिवस बसवलं आम्हाला.
ठाण्याठाण्यांचे हवालदार, तहसीलचे तीन अव्वल कारकून,
जेलचा एक, निरीक्षणगृहाची एक बाई,
जी सारखी घरी फोन लावायली, गॅस बंद केला का म्हणून.
पिशवी मिळाली, पेन मिळाला,
छातीवर बिल्ला : रंगनाथ गिराम, पो.ह.
नाव तसं छातीवर रोजच असतं,
पण इथं लोक ते वाचत होते.

पहिल्याच सत्रात वीस प्रश्नांचा पेपर.
अटकेनंतर किती तासांत, कुणापुढं,
बाईमाणसाला सूर्यास्तानंतर काय,
नातेवाइकाला कळवायचं कुणी.
अर्ध्या तासात उरकला. सगळ्यांना अठराच्या वर.
वकीलबाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला, म्हणाल्या,
"येतंय की सगळ्यांना. मग अवघड आहे."

बाईंचं नाव बिजली काळे.
आडनाव ऐकून आमच्यातल्या चौघापाचांनी
न बोलता एकमेकांकडं बघितलं.
ते बघणं कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.
येतंच ते, पोहल्यागत.

दुपारी लाइट गेली,
पडद्यावरचं कलम अर्ध्यात विझलं.
मग त्यांनी फळ्यावर खडूनं लिहिले
आमचेच शब्द, डायरीतले :
ताब्यात घेतले. विचारपूस केली. समज देऊन सोडले.
"अर्थ सांगा."
आता ह्याला काय अर्थ सांगायचा.
चोवीस वर्षं मी हेच लिहीत आलो,
हात झोपेतही लिहील.

"आमच्या पालावर पाहुणा आला की विचारपूस करतेत," बाई म्हणाल्या.
"पाणी देतेत. कुठून आलास, जेवलास का, लेकरं कशी हायेत.
माझ्या बापाची विचारपूस झाली एका रात्री,
त्यानंतर डाव्या कानानं त्याला ऐकूच येईना."
आवाज चढला नाही.
"आणि समज? कुणाला दिली, किती दिली?
पावती हाय का?"

खाली कापसाच्या गाडीचा हॉर्न वाजत राहिला.
निरीक्षणगृहाच्या बाईंनी फोन पालथा ठेवला.

मला एक नोंद आठवली.
तारीख नाही आठवत, अक्षर आठवतं, माझंच.
इसम नामे दगड्या, वय अंदाजे चाळीस, राहणार गायरान.
दगड्या नावाचे किती असतील,
काळे आडनावाचे किती.
चहाच्या वेळी विचारावं म्हटलं,
म्याडम, वडलांचं नाव काय?
कप धरून उभा राहिलो जवळ.
त्याच म्हणाल्या, "साखर कमी पडली का, हवालदारसाहेब?"
नाही म्हणालो.
चहा बिनसाखरेचा होता.

दुसऱ्या दिवशी फोटो, प्रमाणपत्र, आभार.
पाच वाजता आम्हालाही
समज देऊन सोडले.

त्याच रात्री नाइट ड्यूटी.
मोटरसायकलच्या संशयावरून एक पोरगं आणलेलं,
पायात चप्पल एकच.
डायरी उघडली. मिळालेला पेन चांगला चालायला.
'वि' काढला आणि थांबलो.
मग लिहिलं :
२१.४० वा. पाणी दिले. दोन ग्लास प्याला.
नाव विचारले, सांगितले.
मार आहे का विचारले, पाठ दाखवली,
वळ आहेत, आमच्या येण्याआधीचे की नंतरचे
ते त्याला डॉक्टरपुढे सांगायचे आहे.
भावाला फोन लावून दिला.

साहेब मागून वाचत होते.
"गिराम, कादंबरी लिहायलास का?"
मी काही बोललो नाही.
खोडलंही नाही.
रकाना संपला होता, म्हणून कडेच्या कोऱ्या जागेत
बारीक अक्षरात लिहिलं :
फोन पहिल्यांदा लागला नाही.
पुन्हा लावला.